रोल काढला आणि बोकड गेला

लग्नाची सुट्टी संपवून कामावर आले त्या सकाळी माझाच कॉम्प्युटर मला आत घेईना. पासवर्ड टाकला, चुकीचा म्हणाला. परत टाकला, परत चुकीचा. मेंदीच्या हातांनी काहीतरी भलतंच दाबलं जात असेल म्हणून एकेक अक्षर बघून टाकलं. तरी तेच. तेवढ्यात शेजारच्या खुर्चीतून आमच्या संस्थेतला नवा कॉम्प्युटरवाला म्हणाला, "मॅडम, तो रोल आता नाहीये. तुमच्या नवीन नावानं या ना." आणि हसला. आपण काहीतरी चांगलं करून ठेवलंय आणि ते आता कळणार आहे, असं हसला.

मी आधी संस्थेचं सांगते, नाहीतर माझा राग कुणाला कळायचा नाही. आमची संस्था शेळ्यांची वंशावळ ठेवते. उस्मानाबादी शेळी, काळीभोर, लांब कानांची, बहुतेक वेळा जुळी देणारी. जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं, शेळी उस्मानाबादीच राहिली, तिला कुणी विचारायला गेलं नाही. आम्ही गावोगाव जाऊन शेळ्यांच्या कानात पिवळा बिल्ला मारतो. मग त्या नंबरापुढं लिहितो: तिची आई कोण, आईची आई कोण, वेतं किती, जुळी किती वेळा, दूध किती. हे कशासाठी, तर चांगल्या आईचा बोकड पैदाशीला राखता यावा म्हणून. नाहीतर होतं काय, जो बोकड अंगानं भरतो त्यालाच आधी गिऱ्हाईक येतं. तो जातो कापायला. मागं राहतं ते किरकोळ, आणि गावच्या शेळ्या त्याच्याकडनंच फळतात.

हे सगळं डेटाबेसमध्ये मी बसवलं. मी म्हणजे मीच, कुणाच्या मदतीनं नाही. डेटाबेसमध्ये माहितीच्या एकेका तक्त्याला टेबल म्हणतात. शेळ्यांचं एक टेबल, वेतांचं एक, बोकडांचं एक, आणि ती एकमेकांना बांधलेली. आत येणाऱ्या प्रत्येक माणसाला एक रोल असतो. रोल म्हणजे त्याचं तिथलं नाव. कुणी नुसतं बघायचं आणि कुणी लिहायचं ते रोलवर ठरतं, आणि ज्या रोलनं टेबल बनवलं तो त्याचा मालक. माझी सगळी टेबलं माझ्या रोलच्या मालकीची. संस्थेच्या नावाचा वेगळा रोल करू आणि मालकी त्याच्याकडं देऊ, असं मी आमच्या सचिवांना सांगून थकले होते. ते म्हणायचे, "ताई, राबता तुम्ही, तुमच्याच नावावर असू द्या की." तेव्हा मला ते ऐकून बरं वाटायचं.

अणदूरच्या बाहेर वस्तीवर एक मावशी राहतात. धनगराचं घर, लेक आणि सून हाताशी, दारात शेळ्या. त्यांच्या एका शेळीला बिल्ला मारला तेव्हा मी संस्थेत नवीन होते. मग तिच्या लेकीला मारला, मग नातीला. तिन्ही पिढ्या जुळ्यांच्या, तिन्ही दुधाला चांगल्या. आणि त्या नातीला झाला बोकड. असा बोकड की वस्तीवर गेलं की तोच आधी दिसायचा. पुढं महिनाभरात आमची निवड समिती येणार होती. समितीनं निवडलेला बोकड मालकाच्याच दारात राहतो, आसपासच्या शेळ्या त्याच्याकडं आणतात, आणि तो कापायला विकायचा नाही हे मालकानं कबूल करायचं असतं. मावशींची तेवढीच इच्छा होती. त्या शेळीचं बी गावात राहावं.

लग्नाच्या सुट्टीवर जायच्या आधी मी वस्तीवर गेले तेव्हा मावशी म्हणाल्या, "आगं, ईद आलीया तोंडावर. यापारी येऊन बसतोय दारात. लेक म्हणतोय इकून टाकू. म्या न्हाय म्हणलंय, पण किती दिस म्हणू?"

मी म्हणाले, "मावशी, विकू नका. यादी मशीन काढतंय, तिथं कुणाचा वशिला चालत न्हाय. म्या बघून आलेय, तुमचा बोकड सगळ्यात वर हाय."

"तुझ्या भरवशावर ठिवते बग," त्या म्हणाल्या.

लग्न तुळजापुरात झालं, सासर तिथलंच. घरात आल्यावर लक्ष्मीपूजन असतं. ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीनं त्यात बायकोचं नवं नाव लिहितो. सासूबाईंनी माझ्यासाठी नाव ठरवून ठेवलं होतं. मी नवऱ्याला साखरपुड्यालाच सांगितलं होतं, माझं नाव मला लई आवडतं, ते कुणी बदलायचं नाही. त्यानं तांदळात माझंच नाव लिहिलं, मोठ्या अक्षरात, ताटभर. सासूबाई हिरमुसल्या, मग पेढे वाटायला लागल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनीच मला त्या नावानं हाक मारली आणि विषय मिटला. माझी समजूत अशी झाली की एवढी मोठी गोष्ट मी न भांडता जिंकले.

पण त्याआधी मांडवात आमचे सचिव आहेर करायला आले होते. त्यांनी सासूबाईंना आदरानं विचारलं होतं, सूनबाईचं नाव काय ठेवताय? त्यांनी आपलं मनातलं सांगून टाकलं. सचिवांनी ते लक्षात ठेवलं.

तर त्या सकाळी मी नव्या कॉम्प्युटरवाल्याला विचारलं, "कुठलं नवीन नाव?" त्यानं खणातून एक पाकीट काढून दिलं. वर हळदीकुंकवाची बोटं लावलेली. आत एक चिठ्ठी, तिच्यावर नव्या रोलचं नाव आणि पासवर्ड. ते नाव सासूबाईंनी ठरवलेलं, पुढं नवऱ्याचं आडनाव. "सचिवसाहेबांची आयडिया," तो म्हणाला. "संस्थेकडनं आहेर." ज्या नावानं मला माहेरात, सासरात, आख्ख्या जिल्ह्यात कुणी हाक मारत नाही, त्या नावाची एक बाई आमच्याकडं नोकरीला लागली होती.

मी त्या बाईच्या नावानं आत गेले, कारण आतलं बघायचं होतं. टेबलांची यादी मागितली. यादी रिकामी आली. मला वाटलं, नव्या रोलला दिसत नसेल, परवानगी द्यायची राहिली असेल. ज्याला सगळंच दिसतं त्या मुख्य रोलचा पासवर्ड मी सुट्टीवर जाताना सचिवांच्या हवाली केला होता, तो वापरून आत गेले. तरी रिकामी. शेळ्या नाहीत, वेतं नाहीत, बोकड नाहीत. घर झाडून पुसून भाड्यानं द्यायला ठेवावं तसं.

"माझा रोल काढला कसा?" मी विचारलं. आवाज शांत होता, हे मला नंतर त्यानंच सांगितलं.

"आधी निघतच नव्हता मॅडम. या रोलवर बऱ्याच गोष्टी अवलंबून आहेत, काढता येत नाही, असं म्हणत होतं. मग नेटवर शोधलं, एक कमांड सापडली. ती चालवली आणि मग एका झटक्यात निघाला."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अरे, यंत्रानं तुला सांगितलं होतं. नाही काढत म्हणालं होतं. त्याला जीव नाही, अक्कल नाही, तरी ते अडून बसलं होतं, की बाबा या माणसाच्या नावावर इथं बरंच काही आहे, आधी त्याची व्यवस्था लाव. आणि ज्याला देवानं डोकं दिलंय त्यानं त्याचं तोंड कसं बंद करायचं ते नेटवर शोधलं. ती कमांड काय करते, तर त्या रोलच्या मालकीचं जे जे असेल ते सगळं मिटवते. मालकी दुसऱ्याकडं सोपवायची कमांडही असते, बहुतेक वेळा ती त्याच पानावर वरच लिहिलेली असते. ती आधी चालवायची असते. आणि मुळात यातलं काहीच करायची गरज नव्हती. रोलचं नाव बदलायचं असेल तर नुसतं नाव बदलता येतं. एका ओळीचं काम. मालकी तशीच राहते, टेबलं तशीच राहतात. उस्मानाबादचं धाराशिव झालं तेव्हा पाट्या बदलल्या, एसटीचे बोर्ड बदलले. त्यासाठी कुणी आधी घरं पाडून माणसं हाकलली नाहीत.

पण बाईचं नाव बदलायचं म्हटलं की यांना असंच सुचतं. जुनी काढा, नवी आणा. जुनीचं काय काय होतं ते बघायचं कुणाच्या मनातच येत नाही, कारण बाईच्या नावावर काही असू शकतं हेच डोक्यात नसतं.

तेवढ्यात सचिव आले. "या वहिनी," म्हणाले. आता मी ताईची वहिनी झाले होते. "आवडला का आहेर?"

मी विचारलं, "टेबलं गेली हे तुम्हाला कधी कळलं?"

"यादी काढायला बसलो तेव्हा. रिकामी यायला लागली. मी म्हणलं, त्या आल्यावर बघतील."

"मला फोन का केला नाही?"

"अहो, हळद उतरली नव्हती तुमची अजून. नवऱ्या मुलीला कशाला त्रास द्यायचा?" हे ते खरंच मायेनं म्हणाले. त्याचीच मला जास्त चीड आली. त्रास द्यायला नको म्हणून माझ्या कितीतरी वर्षांच्या कामाची राख होऊ दिली, आणि वर तोंड करून मायेनं बोलत होते.

"आणि समिती?"

"येऊन गेली की. छान झालं सगळं. यादी आम्ही हातानं केली. जेवढी आठवली तेवढी गावं घेतली."

कुणाच्या वशिल्याची गावं आठवली असतील ते मला विचारावं लागलं नाही. मी एवढंच विचारलं, "अणदूर?"

"अणदूरला गेलो होतो. पण तिथली एकही नोंद सापडेना, मग कसं करणार? नियम म्हणजे नियम."

नियमाची भाषा बोलतात. मी त्यांच्याशी तेव्हा भांडले नाही, कारण आधी काम होतं. बॅकअप, म्हणजे सगळ्या नोंदींची नक्कल, माझ्याच रोलनं निघायचा, वेगळ्या डिस्कवर. रोल गेला तसा बॅकअप बंद पडला होता, आणि बंद पडला म्हणूनच शेवटची चांगली फाइल शाबूत राहिली होती. नाहीतर रिकामी फाइल तिच्यावर चढली असती आणि मी आज हे सांगत बसलेही नसते. फाइल आत ओढायला लागले तर यंत्र पुन्हा अडलं. म्हणालं, या टेबलांची मालकी ज्या रोलकडं द्यायची तो रोलच इथं नाही.

सचिव पाठीमागं उभे राहून स्क्रीन बघत होते. "नवीन नाव टाका की तिथं," म्हणाले. "एवढं केलंय तर."

मी मागं वळून बघितलंसुद्धा नाही. माझा जुना रोल परत तयार केला, तेच नाव, तेच अक्षर न् अक्षर. मग फाइल ओढली. शेळ्या आल्या, वेतं आली, बोकड आले, प्रत्येकाच्या कानातला नंबर जिथल्या तिथं. जेवणाच्या सुट्टीच्या आत सगळं उभं राहिलं. बोकडांची यादी काढली. मावशींचा बोकड सगळ्यात वर होता, पुढं लिहिलेलं, जिवंत.

नवा कॉम्प्युटरवाला चहा घेऊन आला आणि म्हणाला, "झालं ना मॅडम, आलं ना सगळं परत." मी कप घेतला नाही. यादीचा कागद घडी घालून पर्समध्ये टाकला आणि एसटी स्टँडवर गेले.

तुळजापूरला गाडी बदलून अणदूरला उतरले. ईद होऊन गेली होती. मला माहीत होतं काय असणार, तरी वाटेत मी हिशेब लावत होते, लेकानं नसेल विकला, मावशींनी हट्ट धरला असेल, समितीला दुसऱ्यांदा बोलावता येईल. वस्तीवर पोचले तर खुंट्याला नुसता दोर होता. मावशी शेळीची धार काढत होत्या. मला बघून उठल्या नाहीत.

"आलीस का? लगीन झालं का नीट?" त्या म्हणाल्या.

"बोकड?" मी विचारलं.

"तुमची गाडी आली त्या दिशी म्या त्येला धुतला. शिंगाला त्याल लावलं. सडकंला धरून हुबी ऱ्हायले. सायबानं काच खाली केली, म्हणले, तुमच्या शेळीची नोंदच न्हाय. म्या म्हणलं, सायेब, कानात बिल्ला हाय की तुमचाच. तर म्हणले, बिल्ला आसंल, आमच्यात नाव न्हाय." त्यांनी तांब्या बाजूला ठेवला. "लेक तितंच हुता. मग म्या कुठल्या तोंडानं नको म्हणू? दुसऱ्या दिशी गेला. यापारी भला माणूस. बिल्ला कातरून माझ्या हातात दिला. म्हणला, आई, हे आमच्या कामाचं न्हाय."

मी पर्समधून यादी काढली. दाखवली. बघा मावशी, आहे, सगळ्यात वर आहे, तो काढला गेला होता, माझा रोल, माझं नाव बदलायच्या नादात. मी बोलत गेले आणि बोलता बोलता मला कळलं, की हे मी स्वतःला सांगतेय. त्यांना वाचता येत नव्हतं आणि त्या कागदाकडं बघतही नव्हत्या.

"तू म्हणलीस मशीन काढतंय यादी," त्या म्हणाल्या. एवढंच. चिडून बोलल्या असत्या तर मी ऐकून घेतलं असतं, मला तेच हवं होतं.

बोकडाच्या आईला पुन्हा जुळी झाली होती, दोन्ही काळी, एकाच्या कानावर पांढरे ठिपके. मी सवयीनं पर्समध्ये हात घातला, त्यात बिल्ल्यांची पिशवी कायम असते. मावशी पुढं झाल्या आणि दोन्ही पिल्लं पदराखाली घेतली.

"ह्यांच्या कानाला हात लावू नको बाई," त्या म्हणाल्या. "उगं भोकं पाडायची कशाला?"

तो कातरलेला बिल्ला त्यांनी कोनाड्यातून काढून माझ्या हातात दिला. मी घेतला. परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसून रडले, आणि रडू रागाचं होतं. घरी सासूबाईंनी विचारलं तेव्हा सगळं सांगून टाकलं, त्यांनी मांडवात सांगितलेल्या नावासकट. त्या म्हणाल्या, "आगं, नाव बदललं तरी बाई तीच राहते की. आम्ही काय तुझी माहेरची पेटी घरातनं फेकून देणार होतो?" मग स्वतःशीच, "त्या सचिवाला काय अक्कल हाय का नाय." त्या दिवशी त्या मला एकट्या शहाण्या वाटल्या.

दुसऱ्या दिवशी मी संस्थेच्या नावाचा रोल तयार केला आणि सगळ्या टेबलांची मालकी त्याच्याकडं दिली. त्या रोलनं कुणालाच आत येता येत नाही, सचिवांनाही नाही आणि मलाही नाही. मुख्य रोलचा पासवर्ड बदलला आणि संस्थेच्या अध्यक्षांकडं दिला. सासूबाईंनी ठरवलेल्या नावाचा रोल काढून टाकला. तो चटकन निघाला, त्याच्या नावावर काहीच नव्हतं.

मग बोकडाची ओळ उघडली. जिवंत हा शब्द खोडून विकला लिहिलं. पुढं कारणाचा रकाना आहे. तिथं लोक लिहितात आजार, अडचण, लांडगा. मी लिहिलं, संस्थेनं नोंद मिटवली म्हणून समितीनं घेतला नाही, म्हणून कापायला गेला. प्रत्येक ओळीपुढं लिहिणाऱ्याचा रोल आपोआप येतो. तिथं माझं नाव आलं.

महिन्याच्या बैठकीसाठी नोंदींचा कागद छापून निघतो, तो सचिवांनी वाचला आणि मला आत बोलावलं. "ताई," म्हणाले, वहिनी आता बंद झाली होती, "नुसतं विकला लिहा ना. बाकीचं कशाला? बाहेरचे लोक वाचतात."

"वाचू द्या," मी म्हणाले.

"मी तुमचा रोल बंद करायला सांगू शकतो."

"सांगा की," मी म्हणाले. "बोकड तर गेलाच."

त्यांनी रोल बंद केला नाही. ओळ अजून तशीच आहे. तिच्या खाली, त्याच शेळीच्या पुढच्या वेतासमोर, मी जुळी एवढंच लिहू शकले. बिल्ल्याचे दोन्ही रकाने मोकळे आहेत. अणदूरला जाते तेव्हा वस्तीच्या वाटेला लागते आणि कधी कधी अर्ध्यातून परत फिरते, कारण मावशींना दुसऱ्यांदा शब्द द्यायला माझ्याकडं तोंड नाही.